मृदंगाला गवसणी, माइकला बाजाराची पिशवी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या एका गावच्या पूजेच्या कार्यक्रमाची बातमी आली, छोटीशीच, आतल्या पानावर. नमन (आमच्या कोकणातलं लोकनाट्य) रंगलं, गवळणीला वन्समोअर मिळाला वगैरे सगळं बरोबर, पण शेवटची ओळ अशी की 'माइकच्या बिघाडामुळे रसिकांचा हिरमोड झाला'. साहेब, तो बिघाड म्हणजे मी. मी त्या नमन मंडळात कीबोर्ड वाजवतो आणि वायरलेस माइकची पेटी माझ्या ताब्यात असते, कारण वायरलेस घेऊया असं पहिल्यांदा मीच बोललो होतो आणि आपल्याकडे जो बोलतो त्याच्याच गळ्यात पडतं. तक्रार नाही, बातमी खरी आहे. पण वाचणाऱ्याला वाटतं की माइक स्टेजवर बिघडला, तसं नाही, तो बिघडला आदल्या दोन दिवसांत, रस्त्यात. ते कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय, लांबलं तर कापा.

झालं असं की संकासुर आला. ज्यांनी नमन बघितलंय त्यांना सांगायला नको, संकासुर आला की पोरं पुढे सरकतात आणि मागे पेंगणारे म्हातारेपण सरळ होऊन बसतात. काळा पेहराव, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं आणि त्या सगळ्याच्या आत बॉडीपॅक, म्हणजे वायरलेस माइकची अंगावर लावायची डबी, खोचलेला, गालाला हेडसेट चिकटपट्टीने चिकटवलेला. पहिलं वाक्य गेलं, दुसऱ्याला कर्र झालं, तिसऱ्याला काहीच नाही. नुसती दाढी हलतेय. मागून कोणतरी ओरडला, "संकासुर मुका झाला रे!" आणि जो काय हशा पिकला तो आमच्या विनोदाला कधी पिकला नव्हता. मी धावत जाऊन वायरवाला माइक हातात दिला, तर पुढचा अर्धा तास संकासुर खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा वायरीएवढ्या गोलात फिरत होता. नाचणार कुठे.

आता मागे जाऊया. आदल्या दिवशी आमची सुपारी दापोली तालुक्यात होती. गुहागरकडून जायचं तर धोपाव्याच्या जेट्टीवर टेम्पो बोटीत घालायचा आणि पलीकडे दाभोळला उतरायचं, नाहीतर चिपळूण-खेडचा भलामोठा वळसा. टेम्पोत कपड्यांचा पेटारा, ढोलकी, कीबोर्ड, पॅड, झांजा, वर चौदा माणसं, म्हणून माइकची सुटकेस टपावर. सुटकेस म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, चाकं गेलेली, आणि तिच्या आत बाजारात जायच्या कापडी पिशवीत चार बॉडीपॅक, दोन हँडमाइक आणि हेडसेट एकत्र कोंबलेले, वर रिसिव्हर, म्हणजे त्यांचा आवाज पकडणारा डबा, अँटेना लावलेल्या तशाच. आमचे मृदंगवाले काका मात्र गवसणी, म्हणजे खोळ, घातलेला मृदंग मांडीवर घेऊन बसलेले, जाताना तसे आणि येतानापण तसेच, बोटीत वारा सुटला तर त्यांनी वर स्वतःची शाल घातली. मृदंग आठ-दहा हजारांचा असेल, टपावर होते पन्नास हजारांच्या वरचे. पण काकांना त्यांच्या वडिलांनी शिकवलंय की चामड्याला दमट लागलं की शाई बसते, आवाज बसतो, मला कोणी काय शिकवलं होतं, दुकानदाराने बिल दिलं आणि कार्ड दिलं, झालं.

परत येताना भरती होती आणि बोटीच्या फळीवर आपटून पाणी उडत होतं, आपण रुमालाने तोंड पुसतो, सुटकेसचं तोंड कोण पुसणार. तिथून थेट बातमीतल्या गावी. टेम्पो रस्त्यावरच थांबला, स्टेज खाली कापणी झालेल्या मळ्यात, मधे दोन बांध आणि एक पऱ्या, म्हणजे ओढा. सामान डोक्यावरून नेलं. गावच्या मंडळाच्या एका भाऊंना विचारलं की पेटी कुठे ठेवू, तर बोलले ठेवा ना तिकडे आंब्याखाली, कोण नेतंय. खरंच कोणी नेलं नाही. पण माघातली रात्र, मळ्यात दहिवर असं पडतं की साडेनऊला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर हात फिरवला तर पाणी निथळत होतं आणि आम्ही पेटी उघडली सव्वादहाला.

दुसऱ्या दिवशी चिपळूणला रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने बॉडीपॅकचं झाकण उघडलं आणि काही न बोलता माझ्यासमोर धरलं. सेलची स्प्रिंग हिरवी. हेडसेटची पिन जिथे लागते त्या बारक्या भोकाच्या कडेला पांढरट साय धरलेली, मीठच ते. त्याने शाळेतलं खोडरबर घेतलं, हो तेच पेन्सिलवालं, आणि टोकाने पत्र्या घासल्या, मग ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं, सेल टाकले आणि माइक चालू. दीडशे रुपये. बोलला, हे एका रात्रीचं नाही, हे गेले दोन-तीन सीझन चाललंय, काल नुसतं पाण्याने निमित्त केलं. आणि सेलपण अर्धे मेले होते, कारण पिशवीत एकमेकांवर आदळून एका पॅकचा स्विच आपोआप चालू झाला होता आणि तो टपावर बसून रात्रभर कोणालातरी आवाज पाठवत होता. म्हणजे तीन चुका, दोन माझ्या आणि एक आंब्याखालची.

हे एकट्या आमचं नाही हो. नमनवाले, जाखडीवाले, भजनी बुवा, बेंजो पार्टी, लग्नातले ऑर्केस्ट्रावाले, दशावतारी, सगळ्यांकडे आता दोन-चार वायरलेस आहेत आणि सगळे ते टॉर्चसारखे वापरतात. दशावतारात म्हण आहे ना, रात्री राजा सकाळी डोक्यावर बोजा. पूर्वी त्या बोज्यात मुकुट होता, तलवार होती, वाकली तर ठोकून सरळ करता येत होती. सर्किट ठोकून सरळ होत नाही.

आणि आपल्या किनाऱ्यावर नुकसान करणारी गोष्ट पडणं-आदळणं नाहीच मुळात, ती आहे दमट हवा आणि खार. कोरड्या गावात जो माइक दहा वर्षं जाईल तो इथे तिसऱ्या पावसाळ्यात कुरकुरतो. आमचा सीझन दिवाळीनंतर चालू होतो, मे महिन्यात लग्नं आणि पूजा संपल्या की पेटी बंद, ती उघडणार गणपतीच्या आधी. मधले तीन महिने आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलीमीटर कोसळतो आणि पेटी आधी कपाटाच्या खाली असायची. पहिल्या वर्षी मी सेल आतच ठेवले होते, उघडलं तर सेल फुटून पांढरी पूड, ती अल्कली असते, तांब्या-पितळेला खाते, आम्ही ती व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसून काढली पण एका पॅकची पत्री गेलीच. दुसऱ्या वर्षी सेल काढले तर सुटकेसमधला पिवळा फोम विरघळला. खोटं वाटेल, पण गादीचा तो साधा फोम दमट हवेत सडतो, हात लावला तर काकवीसारखा बोटाला चिकटला आणि माइकच्या जाळीच्या आतला बारीक फोमपण तसाच, जाळी उघडली तर भुसा. तिसऱ्या वर्षी रिसिव्हरच्या मागच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं. माती इतकी पक्की की सुईने टोकरून काढायला तासभर गेला, आत अळ्या आणि तिने आणून ठेवलेले कोळी. आई बोलली, तिला जागा आवडली म्हणजे घर चांगलं. आईचं काय, तिने एकदा भिजलेला हँडमाइक तांदळाच्या डब्यात घालून ठेवला होता कारण मोबाइल तसा सुकतो म्हणून कोणीतरी पाठवलेलं. तांदळाने काही सुकत नाही, वर पिठूळ धूळ जाळीत गेली ती वेगळीच. भिजला तर सेल काढा, जाळी उघडा, पंख्याखाली दोन दिवस ठेवा आणि तोपर्यंत चालू करायचा मोह आवरा.

चिपळूणचा माझा एक मित्र साउंडचं काम करतो, त्याचं सामान तळमजल्याच्या गाळ्यात होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा माळ्यावर टाकलेले जुने भोंगे, ज्यांना कोणी भंगारातपण घेणार नाही, ते कोरडे राहिले आणि खालच्या रॅकमधले रिसिव्हर चिखलाने भरले. तेव्हापासून आमची पेटी पावसाळ्यात माळ्यावर असते. पण चुलीच्या वरच्या माळ्यावर नाही. काका त्यांचा मृदंग तिथे ठेवतात, उबेने चामडं टणक राहतं, मृदंगाला ते मानवतं पण माइकच्या जाळीत धूर आणि काजळी बसते. त्यापेक्षा बंद कपाटात एक छोटा पिवळा बल्ब लावून ठेवलेला बरा, पूर्वी फोटोग्राफर लोक कॅमेऱ्यासाठी ठेवायचे तसा.

आता पेटीबद्दल, कारण खरा मुद्दा तोच. बाहेरच्या कंपन्यांच्या कडक प्लास्टिकच्या वॉटरप्रूफ पेट्या मिळतात, झाकणाला रबराची रिंग, हवा सोडायला छोटा व्हॉल्व्ह, झकास असतात, पण किंमत बघून आमच्या खजिनदारांनी चष्मा पुसला. प्लायवूड आणि अॅल्युमिनियमची फ्लाइटकेस बनवून घ्यावी तर चार माणसांशिवाय उचलत नाही आणि दोन बांध ओलांडून मळ्यात कोण नेणार. शेवटी अक्कल सुचली हर्णैच्या बंदरावर. मासळी घ्यायला गेलो होतो आणि लिलावाच्या शेजारी ते आइसबॉक्स रचलेले बघितले, जाड भिंतीचे, झाकण दाबून बसणारे, दोन्ही बाजूला कड्या. ज्या पेटीत बर्फाचं पाणी बाहेर येत नाही तिच्यात दहिवर आत कसं जाईल? नवीन घेतला हं, कोरा, वापरलेला घेतलात तर संकासुराच्या तोंडाला सुरमईचा वास येईल. झाकणाच्या कडेला दरवाज्याला लावतात ती रबरी पट्टी चिकटवली. आत गादीचा फोम नाही, ईव्हीएचा, म्हणजे चपलेच्या तळव्याचा असतो त्या जातीचा, तो पाणी पीत नाही आणि काकवी होत नाही. कटरने प्रत्येक पॅकच्या आकाराची खोबण कापली, म्हणजे कोणाचा पॅक परत आला नाही ते रिकाम्या खोबणीवरून रात्री दोन वाजतापण समजतं. जाड भिंतीमुळे दुपारच्या उन्हात उभ्या टेम्पोच्या भट्टीतपण आत लवकर तापत नाही, हा फायदा नंतर कळला.

पण इथे एक गोम आहे आणि ती माझ्या अंगाशी आलीय. घट्ट पेटी बाहेरचं दमट आत येऊ देत नाही तशी आतलंपण बाहेर जाऊ देत नाही. कार्यक्रम संपल्या संपल्या घामाने ओले हेडसेट आत टाकून झाकण दाबलंत तर तुम्ही पेटी नाही, मोदकपात्र लावलंय. त्यामुळे आता नियम असा की आधी सेल काढायचे, सगळं सुक्या फडक्याने पुसायचं, आपण जेवेपर्यंत छपराखाली पंख्यासमोर मोकळं ठेवायचं आणि मग बंद. आत सिलिका जेलची अर्ध्या किलोची पुरचुंडी, सुती कापडात बांधलेली. नारंगी दाण्यांची घ्यायची, ओल प्यायली की हिरवी होते, मग साधारण १२० डिग्रीला तापवली की परत नारंगी. निळी येते ती घेऊ नका, तिच्यात कोबाल्ट असतं, ते तब्येतीला वाईट. आणि नारंगी असली तरी घरच्या तव्यावर तापवायची नाही, मी एक जुनी कढई त्यासाठी वेगळी काढलीय आणि तिच्यावर खिळ्याने 'माइक' कोरलंय कारण आमच्याकडे कढईला कोण कधी काय तळेल सांगता येत नाही. दोन-तीनशे रुपयांत हवेतली ओल दाखवणारं छोटं मीटर मिळतं, ते झाकणाच्या आतून चिकटवलंय. चाळीस-पन्नास टक्के दाखवलं की मी झोपतो.

घाटावरून येणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. आम्ही पाटणकडचा कार्यक्रम करून पहाटे कुंभार्ली घाट उतरलो, वर कडाक्याची थंडी, खाली पोफळीला आल्यावर चहाला थांबलो आणि मी उत्साहाने पेटी उघडून बघितली तर बघता बघता माइकच्या जाळीवर वाफ धरली, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर धरते तशी. एसी गाडीतून उतरल्यावरपण तेच. जाळी पुसता येते, आतल्या सर्किटवर धरलेली कोण पुसणार. पोचल्यावर अर्धा-पाऊण तास पेटी बंदच राहू द्या, आतला माल बाहेरच्या हवेएवढा कोमट झाला की मग उघडा.

बाकी बारीकसारीक पटकन सांगतो. रिसिव्हरच्या अँटेना प्रवासात काढायच्या, आमची एक मोडली आणि ती काळ्या टेपने बांधून आम्ही सीझन काढला, रेंज स्टेजच्या निम्म्यावर आली. हेडसेटची वायर बॉडीपॅकभोवती करकचून गुंडाळायची नाही, ती पिनेपाशीच तुटते, हाताएवढं सैल वेटोळं करायचं. घामापासून वाचवायला थिएटरवाले बॉडीपॅकला मेडिकलमध्ये मिळतं ते रबर चढवतात, कोरडं, बिनतेलाचं (हे छापायचं की नाही तुमचं तुम्ही ठरवा), आमच्यात दुकानात जाऊन मागणार कोण यावरच दोन सीझन गेले आणि शेवटी आम्ही झिपच्या पिशवीवर भागवलं, प्लास्टिकमधून सिग्नल आरामात जातो. स्टीलच्या डब्यात मात्र नाही जात, डब्यात ठेवून चालू करणारे बघितलेत मी. विमानाने कोणाला आखातात वगैरे कार्यक्रमाला जायचं असेल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत घ्यायच्या, १०० वॉट-अवरपर्यंतच्या चालतात, चेक-इनमध्ये टाकल्या तर काढून घेतात. आणि मुंबईहून सेकंडहँड सेट स्वस्तात मिळतोय म्हणून उड्या मारू नका, मागे फ्रिक्वेन्सी वाचा, ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइलवाल्यांकडे गेलाय, अमेरिकेत तर त्या पट्ट्यातले माइक २०१० लाच बंद केले, तो सेट मखमलीत गुंडाळून नेलात तरी उपयोग काय.

इथपर्यंत आमची बाजू झाली, आमच्या चुका आम्ही कढई घेऊन निस्तरतोय. पण आंब्याखालची चूक आमची नाही. गावोगावच्या मंडळांना हात जोडून विचारतो, कमानीला लाइटिंग असतं, बॅनरवर चाळीस फोटो असतात, पाहुण्यांना शाल-श्रीफळ असतं, आणि ज्या आवाजासाठी हजार माणसं मळ्यात बसलीयत त्या आवाजाच्या पेटीला एक टेबल नसतं. शाळेची एक खोली उघडून द्या, देवळाच्या सभामंडपाचा कोपरा द्या, काहीच नसेल तर स्टेजच्या मागे चार बांबू आणि वर ताडपत्री, पण जमिनीवर नको आणि आभाळाखाली नको. एक प्लग द्या ज्याला अर्थिंग आहे. गाडी स्टेजपर्यंत येत नसेल तर दोन पोरं द्या, पेटी डोक्यावरून नेताना बांधावर पाय घसरला तर धरायला. मानपान नको हो, कार्यक्रम संपला की आधी जेवायला चला म्हणून हाताला धरून ओढू नका एवढंच, दहा मिनिटं पुसायला द्या, भात थंड झाला तर चालेल.

यंदापासून आम्ही सुपारीच्या कागदावर जेवणाच्या ओळीखाली एक ओळ वाढवलीय, 'माइकच्या पेटीसाठी छप्पर व टेबल'. परवा शिमग्यानंतरच्या एका तारखेसाठी एका मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. बोलले, सगळं मान्य आहे, फक्त ते टेबल जेवायच्या पंगतीत लावायचं काय, पेटीचं पान वाढायचं असतं का? मी म्हटलं नाही दादा, ती उपाशीच असते, तिला फक्त छप्पर द्या, टेबल शाळेचं बाकडं असलं तरी चालेल. बोलले मग दिलं. बाकड्याचा एक पाय मोडका आहे, खाली वीट लावतो.

आपला,
नमन मंडळातला एक कीबोर्डवाला
ता. गुहागर, जि. रत्नागिरी